माहिती आपली फुटते, दंड सरकारजमा होतो – कलम ४३अ जाण्याआधी काय करता येईल?

कृष्णाकाठ
डीपीडीपी कायद्यावर, म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर, बरंच छापून आलं. '२५० कोटींपर्यंत दंड' हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो पैसा जातो कुठे, हे मात्र बातम्यांत सापडत नाही. कलम ३४ वाचा. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती एक रुपया पडत नाही.

आजवर त्याच्यासाठी एक दार उघडं होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, त्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून ते लागू आहे. एखाद्या व्यावसायिक संस्थेने तुमची संवेदनशील माहिती सांभाळताना हलगर्जीपणा केला आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर तिने तुम्हाला भरपाई द्यायची. संस्था म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे; भागीदारी आली, एकट्या मालकाचा धंदाही आला. संवेदनशील म्हणजे काय ते २०११ च्या नियमांत आहे: पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे वगैरे. नुसता फोन नंबर आणि पत्ता त्यात बसत नाही, आणि सरकारी विभागांना हे कलम लागू नाही. त्रुटी आहेतच.

अर्ज करायचा तो राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे. कलम ४६ खाली ते न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि ५ कोटींपर्यंतच्या दाव्याचा निकाल देऊ शकतात. महाराष्ट्राने हे दार खरोखर वापरलं. राजेश अग्रवाल सचिव असताना २०१३ मध्ये पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात बँकेने ४५ लाख द्यावेत असा आदेश झाला. कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. तक्रारदार फसव्या ईमेलला बळी पडला होता, म्हणजे चूक त्याचीही होती. तरी ज्या खात्यांत पैसे वळले ती उघडताना नीट तपासणी झाली नव्हती, म्हणून बँकेलाही जबाबदार धरलं. सामान्य माणसाला दिल्लीला न जाता मंत्रालयात न्याय मागता आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

रस्ता गुळगुळीत होता असं नाही. वर अपील ऐकणाऱ्या सायबर अपील न्यायाधिकरणाला २०११ च्या जूननंतर अध्यक्षच नव्हता. २०१७ मध्ये ते काम टीडीसॅटकडे, म्हणजे दूरसंचार न्यायाधिकरणाकडे दिलं, तोपर्यंत अपिलं पडून होती.

डीपीडीपीचं कलम ४४(२) हे ४३अ पूर्ण काढून टाकतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले, त्यांच्यासोबत कोणतं कलम कधी लागू होणार याची अधिसूचनाही आली. ४४(२) ला १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत ४३अ जिवंत आहे. कंपन्यांना तयारीसाठी वेळ हवा हे समजू शकतो. पण त्याच अधिसूचनेने ४४(३), माहिती अधिकार कायद्यात बदल करणारं कलम, त्याच दिवशी लागू केलं. नागरिकाचे नवे हक्क दीड वर्षाने आणि जुन्या हक्काची काटछाट लगेच. हा क्रम कुणी आणि का ठरवला, याचं उत्तर मिळायला हवं.

मी वकील आहे, ग्राहक आणि बँकेच्या तक्रारी चालवतो. ज्यांचं नुकसान झालंय त्यांनी उरलेल्या वेळात अर्ज करावेत यासाठी हा धागा. प्रश्न विचारा.

शुभदा७८
कृष्णाकाठ, वेळेवर लिहिलंत. माझा अनुभव सांगते, यात काही करता येईल का बघा.

आमच्या भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काही तपासण्या केल्या. रिपोर्टची लिंक एसएमएसवर आली. लिंकच्या शेवटी एक सात आकडी नंबर होता. माझा मुलगा शेजारी बसला होता, त्याने सहज शेवटचा आकडा बदलला आणि दुसऱ्याच बाईंचा रिपोर्ट उघडला. नाव, वय, मोबाईल, कुणी पाठवलं त्या डॉक्टरांचं नाव, सगळं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. आम्ही ताबडतोब बंद केलं आणि लॅबला फोन केला. 'आयटीवाल्यांना सांगतो' म्हणाले. दुसऱ्या आठवड्यातही तेच चालू होतं.

त्यानंतर मला एका उपचार केंद्राचे फोन सुरू झाले. ज्या त्रासासाठी तपासणी केली त्याच त्रासाचं नाव घेऊन. घरात ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली होती. सासूबाईंनी एकदा फोन उचलला, पुढचं लिहीत नाही.

पैशांचं नुकसान काही नाही. मग मला भरपाई मागता येते का?

कृष्णाकाठ
शुभदाताई, वाचून वाईट वाटलं. आरोग्याची माहिती २०११ च्या नियमांत स्पष्ट येते, त्यामुळे पहिली पायरी पार आहे. ४३अ मध्ये 'चुकीची हानी' असे शब्द आहेत आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा पैशांत दाखवावी लागते. मनस्तापावर भरपाई मागणं अवघड आहे, अशक्य नाही.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता जास्त सोपा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७). अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत शेवटी एक मुद्दा आहे: ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं. लॅबला तुम्ही पैसे दिलेत, म्हणजे तुम्ही ग्राहक. जिल्हा आयोगात मनस्तापाची भरपाई मागता येते, आणि सेवेची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. माझ्या मते डीपीडीपी पूर्ण लागू झाल्यावरही हा मार्ग राहील. कलम ३९ दिवाणी न्यायालयांना मनाई करतं, ग्राहक आयोग दिवाणी न्यायालय नाही. यावर उद्या वाद होईल, तो लढायची माझी तयारी आहे.

आजच करायची गोष्ट: तो एसएमएस पुसू नका. फोन आलेल्या नंबरांची यादी, तारीख-वेळ लिहून ठेवा. आणि लॅबच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. २०११ च्या नियमांप्रमाणे महिन्याभरात तक्रार सोडवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणखी एक विनंती, पुरावा म्हणून दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट पुन्हा उघडू नका. परवानगीशिवाय माहिती काढणं कलम ४३ मध्ये येतं, ते तुमच्यावरच उलटवतील.

नेटवाला_जयसिंगपूर
वकीलसाहेब, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आधी केबल टाकायचो, आता एका इंटरनेट कंपनीचा फ्रँचायझी म्हणून गावात फायबर देतो. आमच्यावर काय काय आहे ते इथल्या लोकांना माहीत नसतं, म्हणून लिहितो.

आम्ही प्रत्येक घराला वेगळा पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा पत्ता, देत नाही, परवडत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपलेत. एका पब्लिक आयपीमागे डझनावारी घरं असतात, मध्ये सीजीनॅट, म्हणजे एक पत्ता अनेक घरांत वाटणारी यंत्रणा, बसवलेला असतो. कोणतं घर कोणत्या क्षणी बाहेर गेलं हे फक्त पोर्ट नंबरावरून कळतं. आता पोलिसांचं पत्र येतं: अमुक आयपी, अमुक तारीख, रात्री ८.४०, ग्राहकाचं नाव द्या. पोर्ट लिहिलेलाच नसतो. मी कुणाचं नाव देऊ? त्या क्षणी त्या आयपीवर चाळीस घरं असतील. त्यावर वेळेचा घोळ. परदेशी वेबसाईटने दिलेली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि पत्रात तशीच उतरवलेली असते. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री ८.४० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट २.१०. हे न बघता नाव दिलं तर भलत्याच घराच्या दारात पोलीस उभे राहतात. आमच्या भागात एकदा असं होता होता राहिलं. म्हणून मी आता प्रत्येक वेळी लेखी उत्तर देतो: सोर्स पोर्ट आणि टाइमझोन कळवा, त्याशिवाय ओळख पटणार नाही.

नोंदी ठेवायचं ओझं वेगळंच. लायसन्समध्ये डिसेंबर २०२१ च्या बदलाने ग्राहकाच्या इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षं ठेवायच्या झाल्या, आधी एक वर्ष होतं. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, आदेशाने सर्व्हरचे लॉग १८० दिवस भारतातच, आणि सायबर घटना घडली की सहा तासांत कळवा. मोठ्या कंपनीकडे चोवीस तास माणूस बसलेला असतो. माझ्याकडे दोन पोरं आहेत, ती दिवसा खांबावर असतात.

माझा प्रश्न साधा आहे. ग्राहक काही वाईट केला तर माझी जबाबदारी किती? आणि माझ्या दुकानात जी आधारची झेरॉक्स पडलेली असते तिची किती?

कृष्णाकाठ
दादा, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, नीट उत्तर देतो. कारण तुमच्या दोन प्रश्नांना दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक, कधीकधी वकीलही, ते एकत्र करतात.

पहिला: तुमच्या तारेतून दुसरा कुणी काय पाठवतो. इथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुमच्या पाठीशी आहे. २००० साली ते फारच तोकडं होतं. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कुणा विक्रेत्याने आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली आणि संकेतस्थळाचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने ७९ नव्याने लिहिलं गेलं. पाठवायला तुम्ही सुरुवात करत नाही, कुणाला जायचं ते निवडत नाही, मजकूर बदलत नाही आणि योग्य ती काळजी घेता, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी तुम्ही जबाबदार नाही. मात्र कळल्यावर काढलं पाहिजे. 'कळणं' म्हणजे काय, हे २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने ठरवलं: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. कुणा गल्लीतल्या पुढाऱ्याचा फोन म्हणजे कळणं नव्हे. याच निकालाने ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम, रद्द झालं, आणि त्यामागे आपलंच पालघर होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाईक केल्या म्हणून तिथल्या दोन मुलींना अटक झाली होती.

दुसरा: तुमच्या दुकानातलं रजिस्टर. हे 'दुसऱ्याचं' नाही. ग्राहकाकडून माहिती तुम्ही मागितलीत, तुम्ही ठेवलीत, म्हणून कलम ७९ ची छत्री तिच्यावर नाही. नव्या कायद्याच्या भाषेत ती माहिती सांभाळण्याची अंतिम जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, तुम्ही तिच्यासाठी काम करणारे ठरता. पण झेरॉक्स फुटली तर कंपनी करारावर बोट ठेवून तुमच्याकडेच येईल. तुमचा करार काढून बघा, भरपाईचं कलम नक्की असणार.

नेटवाला_जयसिंगपूर
आहे. पान ११ वर. 'सर्व नुकसानीस फ्रँचायझी जबाबदार'. आजवर वाचलं नव्हतं कुणी, सही करून दिलं होतं.
जुन्या झेरॉक्स आता कुलपात ठेवतो. नव्या ग्राहकांकडून शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क केलेलं आधार चालेल का, ते कंपनीला विचारतो.

अर्जदार_पारनेर
कृष्णाकाठ यांनी ४४(३) चा उल्लेख एका ओळीत केला, मला तिथेच थांबावंसं वाटतं. मी वीस वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज करतोय. आमचा तालुका या चळवळीचा, महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, स्वतःचा कायदा केला होता.

आधी कलम ८(१)(ञ) असं होतं: वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तर नाकारता येईल. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. आता उरलंय फक्त इतकं: वैयक्तिक माहिती. पुढचं सगळं कापलं.

रोजगार हमीचं हजेरीपत्रक घ्या. त्यात नावं आहेत. गावातला मेलेला माणूस खड्डे खणताना दाखवलाय हे आम्ही नावांवरूनच पकडलं. रेशनची यादी, घरकुलाचे लाभार्थी, ठेकेदाराचं नाव, सगळीकडे माणसंच आहेत. नाव वैयक्तिक म्हटलं की भ्रष्टाचार बिननावाचा होतो. कलम ८(२) मध्ये जनहिताचा अपवाद राहिलाय असं सांगतात. राहिलाय, पण आता सिद्ध करायचं ओझं गरीब अर्जदारावर आलं. पूर्वी जनमाहिती अधिकाऱ्याला सार्वजनिक कामाशी संबंध का नाही ते दाखवावं लागायचं, आता 'वैयक्तिक' हा एक शब्द पुरतो.

खासगीपणा हा गरिबाचाही हक्क आहे, शुभदाताईंचं वाचून जीव तुटला. पण त्यांना या कायद्याने भरपाई दिली नाही आणि आम्हाला हजेरीपत्रक दिलं नाही. मग संरक्षण नेमकं कुणाला मिळालं?

इसारकाठ
मी म्युनिकमध्ये राहते. इथली तुलना द्यावीशी वाटते, इथे स्वर्ग आहे म्हणून नव्हे.

युरोपच्या जीडीपीआरमध्ये, म्हणजे तिथल्या माहिती संरक्षण कायद्यात, कलम ८२ आहे: नुकसान झालेल्याला भरपाईचा हक्क, पैशांचं नसलेलं नुकसानही धरून. नोव्हेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेसबुकच्या प्रकरणात मोठा निकाल दिला. जगभरातल्या सुमारे ५३ कोटी लोकांचे फोन नंबर वगैरे खरवडून बाहेर टाकले गेले होते, त्यातले साधारण ६० लाख जर्मनीतले. न्यायालय म्हणालं, आपल्या माहितीवरचा ताबा सुटणं हेच नुकसान आहे, त्यापुढे काही गैरवापर झाला हे दाखवायची गरज नाही. रक्कम १०० युरोच्या आसपास असू शकते असंही सुचवलं. एका माणसाला १०० युरो काहीच नाहीत. ६० लाखांनी गुणून बघा म्हणजे कंपनी का घाबरते ते कळेल. शुभदाताई, तुमचा प्रश्न इथे 'पैशांचं नुकसान कुठे आहे' इथे अडकला नसता.

जयसिंगपूरच्या दादांचं दोन वर्षांचं वाचून मी चकित झाले. इथल्याच स्पेसनेट या इंटरनेट कंपनीने सरसकट नोंदी ठेवायला नकार दिला, न्यायालयात गेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सगळ्यांच्या नोंदी सरसकट साठवण्याची सक्ती बेकायदा ठरवली. आता तीन महिने आयपी ठेवण्याचा नवा प्रस्ताव आहे आणि त्यावरही इथे कडाक्याचं भांडण चाललंय.

कृष्णाकाठ
इसारकाठ, धन्यवाद. यात सगळ्यात दुःखाची गोष्ट अशी की आपल्याकडेही हे कलम लिहिलं गेलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. तेच श्रीकृष्ण, ज्यांच्या मुंबई दंगलीवरच्या आयोगाचा अहवाल आपल्याला ठाऊक आहे. त्यात पीडिताला भरपाईची तरतूद होती. २०१९ च्या विधेयकातही ती टिकली. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतलं आणि २०२३ मध्ये जे आलं त्यात ती नव्हती. उलट नागरिकाची कर्तव्यं आली: खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर १० हजारांपर्यंत दंड.

पारनेरकर काका, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य.

मांडवीतीर
गोव्यातून विचारतेय. आमच्याकडे कुणाकडे अर्ज करायचा? आणि दुसरं, या कायद्यात मराठी-कोकणीत सूचना मिळणार असं ऐकलं, खरं आहे का?

कृष्णाकाठ
गोव्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव. प्रत्येक राज्याच्या सचिवाला २००३ मध्येच न्यायनिर्णय अधिकारी नेमलंय.

सूचनेचं खरं आहे आणि मला या कायद्यातली ही गोष्ट मनापासून आवडते. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावाच लागेल. मराठी आणि कोकणी दोन्ही आल्या. ज्या दिवशी हे लागू होईल त्या दिवसापासून प्रत्येकाने मराठीच मागा. शिवाय माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवणं आणि ७२ तासांत या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला तपशील देणं नियमांत आहे. आजपर्यंत आपल्याला हे वर्तमानपत्रातून कळायचं. चांगलं ते चांगलं म्हटलं पाहिजे.

शुभदा७८
लॅबला पत्र दिलं, पोच घेतली. ग्राहक आयोगात तर जाणारच, पण तुम्ही म्हणालात अशक्य नाही, म्हणून ४३अ चा अर्जही करायचा आहे. नवऱ्याचीही तयारी आहे. एकच शंका. समजा मी अर्ज आता केला आणि निकाल लागेपर्यंत २०२७ चा मे उलटून गेला, तर? कलमच नाही म्हणून अर्ज फेकून देतील का?

कृष्णाकाठ
ताई, माझ्या मते नाही. कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधीच मिळालेला हक्क आणि चालू असलेली कार्यवाही टिकते, हे १८९७ च्या सर्वसाधारण कलम अधिनियमाच्या कलम ६ मध्ये आहे. समोरचा वकील म्हणेल, इथे रद्द केलेलं नाही, 'वगळलंय'. जुन्या कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या निकालात, २००० साली, सर्वोच्च न्यायालयाने असा फरक केला होता. पण २०१५ मध्ये फायबर बोर्ड्स निकालात वगळणं हेही रद्द करण्यातच येतं असं म्हटलंय, तो दाखवायचा.

नियमांत अर्ज शक्यतो चार महिन्यांत आणि सगळं प्रकरण सहा महिन्यांत संपवावं असं लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त लागतं. म्हणून थांबू नका. अर्जाचा नमुना २००३ च्या नियमांसोबत आहे. लॅबच्या महिन्याची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी मंत्रालयात द्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मसुदा मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, रविवारी बसून बघतो.